इतर परिस्थिती कायम असताना

आमच्या बेटांच्या राजधानीत, सुवाच्या विद्यापीठात, उनाइसी पहिल्या वर्षाच्या पोरांना सूक्ष्म अर्थशास्त्र शिकवायची, आणि खोटं कशाला बोलू, झकास शिकवायची. मागणी, पुरवठा, संधीखर्च असल्या शब्दांनी भल्याभल्यांना जांभया येतात. ही बाई ते असं सांगायची की मागच्या बाकावरचा पेंगणारासुद्धा मान वर करायचा. तिची एक ठरलेली रीत होती. आधी एक सोपं, गुळगुळीत वाक्य टाकायचं: इतर परिस्थिती कायम असताना अमुक अमुक होतं. मग थांबायचं. पोरांची पेनं कागदावर फिरून होईपर्यंत खिडकीबाहेर बघत उभं राहायचं. आणि मग वळून म्हणायचं, "पण." खरं अर्थशास्त्र त्या 'पण'च्या पुढं असायचं. पोरं आपसांत थट्टा करायची की मॅडमचं लग्न झालं असतं तर भटजीसमोरही त्या 'हो' म्हणून थांबल्या असत्या आणि मग 'पण' म्हणाल्या असत्या. आमच्याकडं भटजी नसतो, पाद्री असतो. पण सुवाच्या वर्गात निम्मी पोरं उसाच्या मुलखातली, गिरमिटियांची, म्हणजे करारावर आणलेल्या हिंदी मजुरांची, पतवंडं, म्हणून थट्टाही त्यांचीच.

उनाइसी मूळची कांदावू बेटावरच्या नासालिया गावची. तिचं घर कोळ्यांचं. नुसते मासे मारणारे सगळेच असतात; हे रातूंचे, म्हणजे गावच्या प्रमुखाचे, पिढीजात कोळी. समुद्रावर जायचं झालं की पहिली होडी यांची, पहिली उडी यांची. बाप गेल्यावर तो मान तिच्या थोरल्या भावाकडं, पेनाइयाकडं आला होता. पेनाइयाची छाती म्हणजे भाताच होता. एका दमात तो खाली जाऊन खडकातला शिंपला हातानं सोडवून वर यायचा, आणि वर आल्यावर धापसुद्धा टाकायचा नाही.

त्या वर्षी म्हातारे रातू वारले. रीतीप्रमाणे गावापुढचं खडकाळ उथळ पाणी शंभर रात्री बंद झालं. जाळं नाही, गळ नाही, बायकांनी टोपली घेऊन खेकडे धरायलाही जायचं नाही. त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. मेलेल्या राजाला एवढाही मान द्यायचा नाही तर मग गाव कशाला म्हणायचं? तक्रार पुढं सुरू झाली. शहरातून एक व्यापारी आला आणि म्हणाला, तुमचं बंद पाणी बंदच राहू दे, मी त्याला बोट लावत नाही; पण त्याच्या पलीकडं, खोल पाण्यात, समुद्रकाकड्या नुसत्या लोळत पडल्यात. परवाना माझा, हवेच्या टाक्या माझ्या, माणसं तुमची.

समुद्रकाकडी ही काही काकडी नव्हे, तळाशी पडून राहणारा एक लठ्ठ, ओंगळ जीव. आम्ही ढुंकूनही बघत नाही. चिनी लोक मात्र ती वाळवून सोन्याच्या भावानं खातात. आणि खोल पाण्यातली ती टाकी म्हणजे काय प्रकरण असतं, तेही गावाला ठाऊक होतं. शेजारच्या गावचा एक धडधाकट गडी दोन वर्षांपूर्वी टाकी लावून उतरला होता, तो अजून चटईवर उताणा पडून होता. बायको त्याची कूस बदलायची.

पेनाइयाची बायको अकेनेता हिनं उनाइसीला फोन केला तो यासाठीच. नव्या रातूंनी, लाइतियांनी, गावची बैठक बोलावली होती. नवे रातू म्हणजे पंचविशीतलं पोरगं. चारच वर्षांपूर्वी उनाइसीच्या वर्गात दुसऱ्या बाकावर बसायचं.

"वन्सं, तुमच्या शब्दाला ते मान देतील," अकेनेता म्हणाली. "शहरात बसून पगारी पोपटपंची करता, एक दिवस गावात येऊन फुकट करा. माझ्या माणसाला त्या पाण्यातून सोडवा."

थट्टेचा सूर होता, पण आवाज कापत होता. पेनाइयाला आपण स्वतः सांगावं, हा मार्ग उनाइसीला मोकळा नव्हता. आमच्याकडं बहीण वयात आली की भाऊ-बहीण समोरासमोर बोलत नाहीत. तो दुरावा नव्हे, मान असतो तो. बोलायचं ते वहिनीकडून, निरोपानं. पेनाइया तिच्याशी शेवटचा सरळ शब्द बोलला तेव्हा ती तेरा वर्षांची होती.

बोटीत ती सारा वेळ काय बोलायचं तेच घोळवत राहिली. शेजारची म्हातारी ओकत होती, कुणीतरी उकडलेले अळूचे कंद वाटत होतं, आणि ही आपली ओठ हलवत बसलेली. रातूंना पहिल्याच तोंडी 'नाही' म्हणणं म्हणजे उद्धटपणा. म्हणून तिनं ठरवलं, आधी त्यांचा मान राखायचा, मग मुद्द्यावर यायचं. वर्गात करते तसंच. इतकं साधं, बिनचूक वाटलं तिला ते.

बैठक दुपारी भरली. पुढं मानकरी आपापल्या पायरीनं बसले होते, मधोमध लाकडी परातीत यांगोना, मुळं कुटून केलेलं आमचं मानाचं पेय, कालवलेली होती, बायका दाराशी. व्यापारी टोपी मांडीवर घेऊन गरीब गाईसारखा बसला होता. रातूंच्या वतीनं बोलणारा मानकरी, म्हातारा इलिसोनी, त्यांच्या उजव्या हाताला होता. पेनाइया पुरुषांत, मान खाली. अकेनेता उनाइसीच्या मागं, इतकी जवळ की तिचा श्वास मानेला लागत होता.

रातूंनी स्वतःच विषय मांडला. चांगलं मांडलं त्यांनी, आणि तेच नडलं. ते म्हणाले, वडिलांसाठी बंद केलेलं पाणी बंदच राहील. पण पलीकडचा खोल समुद्र नुसता पडून आहे. लोकांना वाटतं पडून राहिलेल्या वस्तूला खर्च नसतो. तसं नाही. आपण जे मिळवू शकलो असतो आणि मिळवलं नाही, तोच तिचा खर्च. शाळेचं छप्पर गळतंय, दवाखान्याची होडी फुटलीय. समुद्र पडून राहतोय त्याचा खर्च आपण असा देतोय. "हे मी माझ्या मनचं सांगत नाही," ते म्हणाले. "माझ्या बाई इथं बसल्यात. मॅडम, तुम्हीच सांगा. पुस्तकाप्रमाणे हे बरोबर की चूक?"

सगळ्या माना दाराकडं वळल्या. उनाइसी बसल्या जागी पुढं सरकली, डोकं लववलं, आणि म्हणाली, "रातू, पुस्तकाप्रमाणे आपलं म्हणणं बरोबर आहे. इतर परिस्थिती कायम असताना, जी वस्तू पडून राहते तिचाही खर्च असतोच."

आणि ती थांबली.

काय करावं या बाईला! दहा वर्षांची सवय. पेनं फिरून होऊ द्यायची होती तिला. दाराबाहेरच्या माडाकडं तिची नजर गेली, जशी वर्गात खिडकीबाहेर जायची. पण तिथं कुणाच्या हाती पेन नव्हतं. आमच्या बैठकीत बोलणारा मध्येच थांबत नसतो. म्हातारे दम लागला तरी शेवटचा शब्द काढल्याशिवाय श्वास घेत नाहीत, कारण थांबलं की संपलं. इलिसोनीनं दोन्ही तळवे खोलगट करून तीनदा टाळी वाजवली, ठप, ठप, ठप. साऱ्या सभेनं त्याला जोड दिली आणि 'विनाका', म्हणजे आभार, असा एकच हुंकार उठला. शब्द पदरात घेतला गेला.

"पण," उनाइसी म्हणाली. ते तिच्या स्वतःच्या कानांनाही नीट ऐकू आलं नाही.

तोवर यांगोनाची करवंटी भरून तिच्यापुढं आली होती. बोलणाऱ्याला पहिला मान. ती नाकारली असती तर रातूंचा भर सभेत अपमान झाला असता, आणि तिच्या भावाच्या घराचाही. सगळं गाव बघत होतं. तिनं दोन्ही हातांनी करवंटी घेतली आणि प्यायली. मागून मानेवरचा तो श्वास नाहीसा झाला. अकेनेता उठून बाहेर गेली होती.

ती विहिरीपाशी सापडली. रडत नव्हती. घागर भरत होती, भरलेली ओतून पुन्हा भरत होती.

"वन्सं," ती म्हणाली, "तुमच्या भरवशावर राहण्यापेक्षा मी स्वतः जाऊन रातूंच्या पायावर पडले असते तर बरं झालं असतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी उनाइसी यांगोनाच्या मुळांची जुडी घेऊन इलिसोनीच्या घरी गेली. म्हाताऱ्यानं तिला बसवलं, गवती चहा दिला, लहानपणी ती त्याच्या फणसावरून पडली होती त्याची आठवण काढली. मग शांतपणे सांगितलं की रातू पहाटेच व्यापाऱ्याबरोबर शहरात गेलेत, सह्या करायला. आणि ते असते तरी काय? यांगोना पिऊन पक्का झालेला शब्द परत काढायचा तर पुन्हा बैठक लागते, त्यासाठी तांबुआ, देवमाशाचा दात, ठेवावा लागतो, आणि तो ठेवायचा तुझ्या घरच्या कर्त्यानं. म्हणजे पेनाइयानं. कोळ्यानंच येऊन म्हणायचं का, की मला समुद्रात पाठवू नका?

"अर्धंच बोलले मी, आजोबा," उनाइसी म्हणाली.

"मग पोरी, थांबलीस कशाला?" म्हाताऱ्यानं खरंच न कळून विचारलं.

आता राहता राहिला एकच उपाय. त्या संध्याकाळी ती भावाच्या घरी स्वयंपाकाच्या खोपटात अकेनेताजवळ बसली. मधल्या चटईच्या भिंतीपलीकडं पेनाइया भाला घासत बसला होता. ती वहिनीशी बोलावं तसं, पण पलीकडं जाईल एवढ्या आवाजात बोलली. म्हणाली, वहिनी, त्याला सांग, घरात कमी पडत असेल तर मी दर महिन्याला पाठवीन. व्यापारी नगामागं जे देतोय त्याहून जास्त पाठवीन. त्यानं काठावर बसून राहावं, एवढंच.

घासण्याचा आवाज थांबला. पेनाइया बायकोला म्हणाला, "तिला सांग, पैशासाठी कोण जातंय? रातूंनी पाणी उघडलं की पहिली उडी आपल्या घराची. मी बसलो काठावर, तर कुणाचं तरी पोर माझ्याआधी खाली जाईल. मग मी त्या पोराच्या आईला तोंड कसं दाखवू?"

आणि घासणं पुन्हा सुरू झालं.

उनाइसी चुलीतल्या राखेकडं बघत राहिली. किंमत वाढली की माणूस जास्त काम द्यायला तयार होतो, अशी चढती रेघ तिनं फळ्यावर किती वेळा काढली असेल याला गणती नव्हती. तिचा सख्खा भाऊ त्या रेघेवर कुठंच नव्हता. दर निम्मा केला असता तरी तो गेला असता आणि दुप्पट केला असता तरी. त्याला थांबवू शकेल असं जगात एकच माणूस होतं, आणि त्या माणसाला भर सभेत 'आपलं बरोबर आहे' म्हणून ती मोकळी झाली होती. तिला स्वतःची इतकी शिसारी आली की अकेनेतानं पुढं केलेली नारळाच्या दुधातली माशाची वाटी तिला घेववेना.

रविवारच्या बोटीनं ती सुवाला परतली. वर्ग होते, परीक्षा होती. व्यापाऱ्याच्या माणसानं नासालियाच्या गड्यांना टाक्या कशा लावायच्या ते एका सकाळीत शिकवलं, असं तिला फोनवर कळलं. काकड्या भरपूर निघत होत्या. शाळेच्या छपराचे पत्रे आले होते. पेनाइया ठीक होता. अकेनेता हे सगळं कोरड्या आवाजात सांगायची आणि फोन ठेवायची. उनाइसी मनाला समजावायची की कदाचित काही होणारही नाही. सगळ्यांनाच काही होत नाही.

पण पेनाइयाला जन्मभराची एक सवय होती. दम संपत आला, छाती आवळली, की सरळ वर. दुसरं काही करायचंच नसतं. जो रेंगाळतो तो मरतो. बापानं शिकवलेलं, आज्यानं बापाला शिकवलेलं. टाकीच्या हवेचं नेमकं उलटं असतं. तिथं सावकाश, थांबत थांबत यावं लागतं, नाहीतर रक्तात हवेचे बुडबुडे धरतात. एके दिवशी खूप खोलवर त्याच्या टाकीतली हवा आटली. छाती आवळली. आणि आमच्या बेटावरच्या सगळ्यात चांगल्या कोळ्यानं तेच केलं जे त्याला सगळ्यात चांगलं यायचं. तो बाणासारखा वर आला. होडीत चढून हसलासुद्धा म्हणे. मग म्हणाला, पायाला मुंग्या आल्यात.

सुवापर्यंत आणायला पुढचा दिवस उजाडला. दवाखान्यात हवेच्या दाबाची एक लोखंडी खोली होती, तिच्यात त्याला पुन्हा पुन्हा ठेवलं. जीव वाचला. कमरेखालचं सगळं गेलं ते गेलंच. डॉक्टरांनी ते उनाइसीला सांगितलं, कारण तिला त्यांची भाषा कळत होती, आणि तिनं ते अकेनेताला सांगितलं. अकेनेतानं तिला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ती फक्त म्हणाली, "बरं." आणि नवऱ्याची कूस बदलायला आत गेली.

काही दिवसांनी रातू लाइतिया दवाखान्यात आले. बरोबर इलिसोनी होता. रातू खाटेशेजारच्या खुर्चीवर बसले नाहीत. जमिनीवर, फरशीवर मांडी घालून बसले, ज्याच्या पायाशी कुणी बसत नाही अशा माणसाच्या पायाशी. इलिसोनीनं तांबुआ पुढं केला आणि रातूंच्या वतीनं क्षमेचे शब्द म्हटले. आमच्याकडं तांबुआ परत करत नाहीत. पेनाइयानं पडल्या पडल्या दोन्ही हातांनी दात घेतला, नाकाला लावला, आणि म्हणाला की मनात काही नाही, काही राहणार नाही. रातूंचे खांदे हलत होते. अकेनेता भिंतीशी उभी राहून खिडकीकडं बघत होती. तिला कुणी काही विचारलं नव्हतं.

उनाइसी दारापाशी, भावाच्या नजरेआड उभी होती, रीतीप्रमाणे. आता सगळं मिटलं असं धरून ती मागं सरकणार, एवढ्यात पेनाइयानं मान वळवली. सरळ तिच्याकडं. आणि बायकोला नाही, इलिसोनीला नाही, तिला म्हणाला,

"उना, त्या दिवशी पुढचं काय होतं गं?"

इलिसोनीचा श्वास अडकलेला सगळ्यांनी ऐकला. तेरा वर्षांची असताना ऐकलेला तो आवाज, आता घोगरा झालेला.

"मी पुढंच होतो," पेनाइया म्हणाला. "तू 'पण' म्हणालीस ते मला ऐकू आलं होतं. इतके दिवस पडल्या पडल्या तेच डोक्यात फिरतंय. सांग. पुरं सांग."

ती खाटेजवळ आली. रातू खाली बसले होते म्हणून तीही फरशीवर बसली. आणि बोटीत घोळवलेलं ते सगळं तिनं सांगितलं, कुठंही न थांबता.

"पण रातू, हिशेब करणारा एक आणि भोगणारा दुसरा असला की हिशेब नेहमी स्वस्त दिसतो. व्यापारी जो भाव सांगतोय, त्यात खाली उतरणाऱ्या माणसाचं अंग धरलेलं नाही. शेजारच्या गावचा गडी चटईवर पडलाय, त्याचा खर्च व्यापारी देत नाही, त्याची बायको देते. तो धरला तर हा सौदा आपल्याला परवडत नाही. समुद्र पडून राहू दे. तो पडून राहिला म्हणून आपलं माणूस पडून राहत नाही."

वॉर्डात कुठंतरी भांडं पडल्याचा आवाज झाला. पेनाइया छताकडं बघत होता.

"एवढंच?" त्यानं विचारलं.

"एवढंच."

रातू लाइतियांनी मान वर केली. डोळे लाल झाले होते, आणि आवाज दुसऱ्या बाकावरच्या पोराचा होता. "मॅडम," ते म्हणाले, "मी हे ऐकलं असतं."

उनाइसीला ते ठाऊक होतं. बैठकीच्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि आता ते पेनाइयालाही कळलं होतं. त्यानं डोळे मिटले. तांबुआ घेऊन दिलेला शब्द होता, मनात काही राहणार नाही. तो त्यानं पाळला. मग त्यानं अकेनेताला हाक मारली आणि सांगितलं, चादरीखाली माझे पाय सरळ आहेत का ते बघ, मला कळत नाही.

अकेनेता यायच्या आत उनाइसीनं चादर उचलली. डावा पाय वाकडा पडला होता. तिनं तो दोन्ही हातांनी धरून सरळ केला.